बुडीत गावाचा नकाशा काढताना

उजनी 'मायनस'मध्ये गेली, की सोलापुरात पहिली चौकशी होते ती नळाची. आधीच चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आता किती दिवसांनी येणार? आमच्या घरात मात्र त्याच्या आधी दुसरा प्रश्न येतो. आई मामाला फोन लावते आणि विचारते, "गाव उघडं पडलं का रे?"

मायनस म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. उजनी धरणात एकूण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठा, त्याच्या वरचं ५३.५७ टीएमसी उपयुक्त. पाण्याची पातळी ४९१.०३ मीटरला आली की धरण शून्य टक्के, ४९६.८३ मीटरला पूर्ण भरलेलं. शून्य आणि शंभर यांत सहा मीटरचंसुद्धा अंतर नाही. जलाशय पसरट आणि उथळ, म्हणून पातळी हातभर उतरली तरी काठ लांबवर मागे सरकतो. शून्याखाली गेल्यावर मृतसाठ्यातलं पाणी उचललं जातं आणि एरवी कधीच न दिसणारी जमीन वर येते. २०२३चा पाऊस कमी झाला, २०२४च्या जानेवारीतच धरण शून्याखाली गेलं आणि उन्हाळ्याअखेर उणे साठच्या घरात पोचलं. त्या वर्षी मी आईच्या माहेरच्या गावाचा नकाशा काढायला घेतला.

गाव करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या डाव्या काठावरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. उघड्या पडलेल्या गावठाणांत दगड, नक्षीचे खांब, जुनी नाणी हुडकत फिरणारे कमी नाहीत. त्यांना वाट दाखवायची माझी इच्छा नाही.

दुष्काळी वर्षी वर्तमानपत्रांत ठरलेले फोटो येतात. पलीकडे इंदापूरच्या बाजूला पळसदेवच्या पळसनाथाचं शिखर, अलीकडे कुगावचा इनामदारांचा वाडा. दोन्ही बघण्यासारखेच आहेत. पण ज्या गावात बघण्यासारखं काही उभं राहिलं नाही, तिकडे कुणी फिरकत नाही. आमचं गाव त्यातलं. लोकांनी जाताना तुळया, सर, दारं, चौकटी, जमेल तेवढा दगडही काढून नेला. राहिली ती माती, ती विरघळली. उरलं काय, तर जोत्यांच्या ओळी. गावात एक चावडी होती, लोकल बोर्डाच्या काळातली शाळा होती, तालीम होती, वेस होती, नदीला उतरायला दगडी पायऱ्या होत्या. यातल्या एकाचाही फोटो नाही. ज्या गावात लग्नाचा फोटो काढायलासुद्धा फोटोग्राफर जेऊरहून यायचा, तिथं वेशीचा फोटो कोण काढणार?

मी सोलापुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आरेखनाचं काम करते. (पद 'ड्राफ्ट्समन'. बाईलाही तेच.) दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलं, तर आईच्या गावाचा एक काढायला काय हरकत आहे, एवढाच विचार होता.

सुरुवात कागदांपासून केली, कारण मला कागदच कळतात. भूमी अभिलेखकडून गावनकाशाची नक्कल मिळते. अर्ज करायचा, नक्कल फी भरायची. अर्ज दिला त्या कार्यालयात एकानं विचारलं, "बाई, गाव पाण्याखाली, नकाशा घेऊन काय करणार?" दुसऱ्यानं मात्र स्वतः उठून रजिस्टर काढलं. नक्कल आली. जुनी मोजणी, एक इंचाला ६६० फूट. प्रत्येक गट, बांध, ओढा, शिवरस्ता, शेजारच्या गावाची शीव, सगळं रेखीव. आणि मधोमध 'गावठाण' असं लिहिलेली एक वेडीवाकडी चौकट, आत कोरी. शेताचा कोपरा न् कोपरा मोजलेला, आणि माणसं राहत होती तो भाग टपालाच्या तिकिटाएवढा, रिकामा.

यात कुणाची हयगय नाही. ती मोजणी शेतसाऱ्यासाठी होती. गावठाणाला सारा नव्हता, तर मोजायचं कशाला? नगरभूमापन झालेल्या मोठ्या गावांत घराघराची मिळकत पत्रिका निघते. आमच्या गावावर ती वेळ यायच्या आत पाणी आलं.

दुसरा कागद मामाच्या ट्रंकेत होता: भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत, कार्बनवर टंकलेली, घड्यांवर फाटलेली. इथं घरं होती. घर नंबर, मालक, खण किती, माळवद का पत्रा, भिंत दगड-मातीची का निव्वळ मातीची, दारं किती, सागवानी का बाभळीची. मग झाडं: लिंब एक, बोर दोन, चिंच एक. मामानं आमच्या घराची ओळ बोटानं दाखवली. 'माळवद', 'खण', 'ढेलज' हे शब्द शासकीय टंकलेखनात बघून मला उगाच बरं वाटलं. पण त्या यादीत घरांचा क्रम होता, जागा नव्हती. सातव्या घराशेजारी आठवं होतं का बोळापलीकडे होतं, ते कळायला मार्ग नाही. आणखी एक गोष्ट वाचता वाचता ध्यानात आली. ज्याचा मोबदला कुणाला तरी द्यायचा होता, तेच त्यात नोंदलेलं. पार कुणाचा? पाणवठा कुणाचा? तालमीतल्या लाल मातीचे पैसे कोण मागणार? चावडी आणि शाळा सरकारी, त्यांचा एकेक ओळीत निकाल. घाटाच्या पायऱ्यांचं नावसुद्धा नाही.

म्हणजे गावनकाशात शेतं, निवाड्यात घरं. सगळ्यांचं म्हणून जे होतं, ते दोन्हीकडे नाही.

मामेभावाचा मुलगा पुण्यात शिकतो. त्यानं एक वेगळाच रस्ता काढला. अमेरिकेनं १९६० ते १९७२ या काळात हेरगिरीच्या उपग्रहांनी जगभरचे फोटो काढले. ते १९९५ साली खुले झाले आणि आता इंटरनेटवरून मागवता येतात. एखादी पट्टी आधी कुणी स्कॅन करून घेतली असेल तर ती फुकटच मिळते. त्या उपग्रह-मालिकेचं नाव कोरोना. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ते नाव घरात काढू नको." पण धरण पूर्ण झालं १९८० साली, आणि हे फोटो त्याच्या आधीचे. भीमा तिच्या मूळ पात्रात वाहताना दिसते, आणि काठावर आमचं गाव: करडा ठिपका, त्यात गडद रेघा. ठिपक्यातून चार-पाच वाटा फुटलेल्या. घर ओळखू येत नाही, पण वाट येते.

हा फोटो आजच्या नकाशावर बसवायचा तर दोन्हींत असलेल्या खुणा लागतात, आणि इथं पाण्यानं सगळ्या खुणा खाल्लेल्या. कामी आली ती रेल्वे. पुण्याकडून गाडी १८५८ साली डिकसळपर्यंत आली आणि १८६० साली सोलापूरला पोचली. धरणामुळे इथला मार्ग हलवला, पण डिकसळजवळचा भीमेवरचा जुना रेल्वे पूल तसाच राहिला. तो पुढं रस्त्याला मिळाला आणि करमाळ्याकडची माणसं वर्षानुवर्षं त्याच पुलावरून भिगवणला जात राहिली. पूल जुन्या फोटोत आहे, आजच्या फोटोतही आहे. भारतीय सर्वेक्षणाच्या जुन्या इंची शीटवर, ४७ जे मध्ये, तोही आहे आणि जुनी लाइनही. पूल, दोन टेकड्यांचे माथे आणि वरच्या गावांची देवळं धरून पोरानं क्यूजीआयएस नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये फोटो ताणून बसवला. मी ऑफिसात हेच काम ऑटोकॅडवर करते, पण खरं सांगायचं तर त्याचा हात माझ्यापेक्षा बरा चालतो.

आता रिकाम्या चौकटीत वाटा आल्या. वाटांवर काय होतं, ते माणसांना विचारायचं.

इथं खरी गंमत सुरू झाली. आईला विचारलं, चावडी कुठं होती? "मारुतीच्या पुढं, डाव्या हाताला." मामा म्हणाला, "आक्का, डाव्या कशी? उजव्या हाताला. डाव्या हाताला तर तेल्याचा घाणा." दोघांत जुंपली. आई पंचाहत्तरीची, लग्न होऊन सोलापूरला आली तेव्हा गाव जागेवर होतं. मामानं गाव हलताना डोळ्यांनी बघितलेलं, त्यामुळे त्याचा आवाज मोठा. मी दोघांचं ऐकत कागदावर चावडी इकडून तिकडे करत होते. शेवटी मी विचारलं, "आई, तू मारुतीला कुठून यायचीस?" "नदीवरून. घागर घेऊन." मामा यायचा वेशीकडून, गुरं घेऊन. दोघांचंही बरोबर. मारुतीसमोर दोघं समोरासमोरून येत होती.

त्या दिवसापासून मी 'कुठं होतं' हा प्रश्न टाकून दिला. त्याऐवजी सांगायचं: घराच्या उंबऱ्यापासून निघा आणि चाला. पहिल्यांदा काय लागतं? मग? उतार आहे का चढ? इथं ऊन असतं का सावली? पावसात इथं चिखल होतो का? माणूस चालायला लागला की अडत नाही. शाळा कुठं म्हटलं की डोकं खाजवणारे आबा 'शाळेला चला' म्हटल्यावर भराभरा बोलायला लागले: बोळ, बोळाच्या तोंडाशी पांडू शिंप्याची पडवी, तिथं कुत्रं बांधलेलं असायचं म्हणून पलीकडच्या अंगानं जायचं, मग पार, पारावर बसलेले लोक मास्तरांना सांगतील म्हणून धावत, मग शाळेची पायरी. मी फक्त वाट आखत जायची.

नव्या गावठाणात घरोघर बसून हे केलं. नवं गाव वर माळावर, सरळ रस्ते, नंबर घातलेले प्लॉट. शेजार जुना राहिला नाही. ज्याच्या वाट्याला जो प्लॉट आला तो. तिथल्या विशीतल्या पोरांना गाव म्हणजे चौकटीचौकटीचंच वाटतं. आजोबांच्या तोंडी बोळ, आडबोळ, कोपरा ऐकताना ती मध्येच विचारत, "म्हणजे गाडी कशी जायची?" गाडी जायची नाहीच, बैलगाडी वेशीपाशी थांबायची.

पुरुषांनी सांगितलेल्या वाटा जमवल्या, तर सगळ्या वेस, चावडी, मारुती, तालीम, शाळा यांच्या भोवती फिरतात. गावाचा नदीकडचा अर्धा भाग जवळजवळ कोराच. मग बायकांबरोबर बसले. त्यांच्या नकाशात तालीम नव्हती. ("तिकडनं जायची सोय नव्हती बाई, वळसा घालून जायचो.") त्याऐवजी आलं: नदीची पायवाट, धुण्याचे दगड कुणाचे कुठले, मरीआईचा कट्टा, शेणाचे उकिरडे, कुंभाराची भट्टी, बाळंतिणीला घेऊन जायचे तो घाटाचा कोपरा, आणि ज्या ज्या घरी जातं मोठं होतं आणि मागितलं की दळू द्यायचे ती घरं. हळदीचं दळायला कुठं जमायच्या, हे विचारलं तर तिघी एकदम बोलल्या. मी निळ्या शाईनं बायकांच्या वाटा आणि लाल शाईनं पुरुषांच्या काढल्या. दोन्ही शाया मिळतात अशी ठिकाणं थोडीच. एक मारुती, एक पिठाची गिरणी. ती गिरणी फार उशिरा आली होती, इंजिनवर चालायची आणि तिच्या टुकटुक आवाजाची नक्कल अजून चार जण करून दाखवतात.

गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक ऐंशीच्या पुढची आजी आता लेकीकडे कुर्डुवाडीला असते. तिच्याकडे गेले तेव्हा माझ्या कागदावर घाट एकच होता. तिनं कागद फिरवून घेतला, बराच वेळ बघितला. म्हणाली, "आमचा पाणवठा न्हाय का काडला? ह्यो तुमचा. आमचा खालच्या अंगाला. वरनं जनावरं धुवून यायचं, ते पाणी आमच्या घागरीत." मी विचारलं, गाव गेल्याचं वाईट वाटलं का. "कशाचं वाईट? गेलं ते बरं झालं. पर ह्यात घाल. न्हायतर पोरं म्हनतील, समदे एकाच घाटावर पानी भरत हुते." मी तिथंच काढला. पुढं नव्या गावात दोघातिघांनी सुचवलं की ते कशाला उकरून काढायचं, आता तसं काही राहिलं नाही. मी म्हटलं, तालीम तरी आता कुठं राहिलीय, ती काढलीच ना. विषय तिथं थांबला. मामा काही बोलला नाही, पण नंतर त्यानंच वस्तीतून वर यायच्या वाटेचं वळण दुरुस्त करून दिलं.

मेमध्ये प्रत्यक्ष जागेवर जायचं ठरलं. एरवी तिकडे होडीनं जाणं सोपं. पण त्याच महिन्याच्या २१ तारखेला कळाशी आणि कुगाव यांच्या मधल्या पाण्यात वादळी वाऱ्यानं होडी उलटली आणि सहा माणसं गेली. मामानं होडीचं नाव काढू दिलं नाही. "चालत जायचं. आणि दुपारच्या आत माघारी." मेमध्ये दुपार कलली की जलाशयावर वारं सुटतं, ते काठावरच्या माणसांना नव्यानं सांगावं लागत नाही.

पहाटे ट्रॅक्टरनं काठापर्यंत, तिथून पायी. पाणी मागे हटेल तसे लोक गाळात पेरतात, त्या गाळपेरीच्या कडेकडेनं वाट होती. पुढं नुसता गाळ. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो; पाय टाकला की खालून ओला आणि नडगीपर्यंत आत. मामेभाऊ बाभळीची काठी टोचत पुढं, आम्ही त्याच्या पावलावर पाऊल ठेवून. तुटकी जाळी, शिंपले, वाळलेल्या चिलापीचा वास. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग. भिगवणला लोक त्यांच्यासाठी मुद्दाम येतात, आम्ही मान वर करून बघितलंही नाही. लक्ष सगळं पायाखाली.

गावठाण कुठं सुरू झालं ते फोन बघायच्या आधी मातीनं सांगितलं. शेताची काळी जमीन संपली आणि पांढुरकी, राखेसारखी माती लागली. पिढ्यान् पिढ्या चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, सारवण साचून झालेली पांढरी. तिच्यात खापऱ्यांचे तुकडे, काचेच्या बांगड्या, एक फुटका चिनी मातीचा कानाचा कप. मग जोत्यांच्या ओळी लागल्या. कुठं गुडघ्याएवढ्या, कुठं नुसता वरचा दगड. मध्येच गोल खड्डे, धान्य साठवायच्या पेवांचे; तोंडं ढासळलेली, आत गाळ. तिथं मामेभावानं मला हात धरून बाजूला घेतलं, कारण पेव वरून जेवढं दिसतं त्याच्यापेक्षा आत पुष्कळ मोठं असतं.

आई आली नव्हती. तिनं निघताना एकच खूण दिली होती. "उखळ बघ. दुसऱ्यांची उखळं ओसरीत. आमची ढेलजेत, आत जाताना उजव्या अंगाला, दोन शेजारीशेजारी. एक मोठं, एक लहान." लहान उखळ तिच्या आजीनं मिरच्या कुटायला वेगळं बसवून घेतलं होतं, कारण मिरची कुटलेल्या उखळात मग शेंगदाणे कुटले की ठसका लागतो.

फोनवर जुन्या फोटोतली वाट लावून आम्ही त्या बोळात फिरलो. फोनचं ठिकाण चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं, आणि तेवढ्यात एक घर बसतं. पहिली दोन जोती बघितली, उखळ एकेकच. तिसऱ्यात मामा थांबला. गाळाच्या कोरड्या पापुद्र्यात दोन वर्तुळं दिसत होती. काठीनं उकरलं. मोठ्यातला गाळ वडीसारखा अख्खा निघाला, खाली दगड घासून गुळगुळीत. लहानाच्या काठाचा एक टवका उडालेला. मी टेप लावला: मोठं आतून नऊ इंच, लहान साडेपाच, दोन्हींच्या मध्ये वीतभर जागा. मामा वाकून हात फिरवत होता. मग म्हणाला, "पर आपल्या दाराला ह्या बाजूनं पायरी हुती. हितं न्हाय." पायरीचा दगड कुणी उचलून नेला असेल, किंवा हे शेजारच्या भावकीचं घर असेल. मी नकाशात त्या जागी 'बहुतेक' असं लिहिलंय. भावकीतल्या एकांना ते पटलेलं नाही. त्यांच्याकडेही दोन उखळं होती म्हणतात.

तिथून उखळ धरून बाकीचं मोजलं. आईनं घर ते नदी अशी वाट सांगितली होती, ती चालून बघितली. मारुतीचं जोतं बरोबर जागी लागलं. मूर्ती केव्हाच वर नव्या देवळात नेलीय. समोर दोन बाजूंना दोन जोती होती, चावडी आणि तेल्याचा घाणा, आणि घाण्याच्या बाजूला उभा रोवलेला दगड अजून होता, त्यामुळे तो वाद मिटला. शाळेच्या जागी काहीच सापडलं नाही. तिचा दगड घडीव होता, तो राहणार नव्हताच. नंतर नव्या गावात एकाच्या अंगणात तुळशीवृंदावनाखाली त्याच मापाचे चिरे दिसले. घरमालक हसले, पण बोलले काही नाहीत. चावडीची तुळई मात्र राजरोस आहे, नव्या मारुतीच्या सभामंडपात.

घाटापर्यंत जाता आलं नाही. पायऱ्यांच्या वरच्या टोकापुढं पाणी होतं, आणि त्याच्या आधी दलदल. वरच्या तीन पायऱ्या दिसल्या तेवढ्या काढल्या, पुढच्या तुटक रेघेनं. खालचा पाणवठाही तसाच, आजीनं सांगितल्यावरून.

परत आल्यावर आईला फोनमधले फोटो दाखवले. तिनं लहान उखळाचा फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "टवका कधी उडाला?" मला काय माहीत. "माझ्या वेळी नव्हता," ती म्हणाली, आणि मामाकडे अशी बघायला लागली की जणू त्यानंच उडवला.

नकाशा मी एकास पाचशे प्रमाणावर काढला, चार मोठ्या शीटवर. संगणकावर काढता आला असता, पण लोकांनी त्यावर पेन्सिल चालवावी असं वाटत होतं, आणि छापलेल्या कागदावर माणसं हात लावायला बिचकतात. हनुमान जयंतीला गावात सगळे जमतात, पुण्या-मुंबईचेही, तेव्हा समाजमंदिराच्या भिंतीवर शीट लावले आणि दोऱ्यानं पेन्सिली बांधून ठेवल्या. दिवस संपेपर्यंत कागदाची पार दशा झाली. झाडांची नावं आली. बोळांची नावं आली, काही कागदावर लिहिण्याजोगी नाहीत. कुणीतरी आपल्या घराचा एक खण वाढवून घेतला आणि खाली दुसऱ्या अक्षरात 'निवाडा बघा' असं लिहिलेलं सापडलं. तालमीच्या जागेवरून दोन आळ्यांत अजून एकमत नाही, ती मी दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह घालून ठेवलीय. दोन्ही आळ्या नाराज आहेत.

पक्की प्रत ट्रेसिंगवर उतरवून ग्रामपंचायतीत आणि शाळेत दिली. एका बाजूला कोरोनाच्या फोटोचा तुकडा, एका बाजूला घरनंबरांची यादी. पैशांचे आकडे गाळले. त्यावरून भांडणं लागायला अजूनही वेळ लागत नाही. सांगणाऱ्यांची नावं घालायची का, यावर चर्चा झाली. आजीनं स्वतःचं घालायला सांगितलं, म्हणून खालच्या पाणवठ्याशेजारी तिचं नाव आहे. बाकी कुठंच कुणाचं नाही.

नदीच्या कडेची एक आळी अजून कोरी आहे. तिथली घरं भोयांची. गाव हलताना ती आमच्याबरोबर माळावर आली नाहीत. मासेमारी सोडून माळावर करणार काय? ती पाण्याच्या कडेकडेनं राहिली, काही इंदापूरच्या बाजूला गेली. त्यातल्या एका घरचा फोन मिळालाय. कार्तिकी झाली की या म्हणाले, तोवर पाणी भरलेलं असतं आणि ते दिवसभर जाळ्यावर असतात. मोठा कागद आणा, असंही म्हणाले. होड्या कुठं कुठं लागायच्या ते सगळं सांगायचंय.